दोन रिकाम्या खाचा

तुम्ही दोघांनी पाठवलेल्या मेमरीच्या दोन पट्ट्या माझ्या संगणकात नाहीत. त्या कपाटात आहेत, त्यांच्याच डबीत, वर चिठ्ठी चिकटवून. तुमची आई फोनवर म्हणाली, "मुलं विचारताहेत, आजीनं त्या का काढल्या?" मी सांगायला लागले, पण सांगताना माझा आवाज चढतो आणि तुमचे आजोबा मागे बसून हसतात. शिवाय यात लोधिवलीच्या धाकट्या आजीचा, माझ्या जावेचा, मोठा भाग आहे आणि तो फोनवर सांगण्यासारखा नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

माझी नोकरी खोपोलीच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात झाली, हे तुम्हाला माहीत आहे. तिथं आम्हाला एकच गोष्ट शिकवली होती: डब्यावर लिहिलेलं डब्यात असलंच पाहिजे, नसेल तर माल परत. तीच सवय मी घरी आणली. डाळींच्या डब्यांपासून औषधांच्या कपाटापर्यंत सगळ्यांवर माझी चिठ्ठी असते.

नवा संगणक कर्जतच्या बाजारातल्या दुकानदारानं जोडून दिला. एका बाजूला काच असलेला, आतलं सगळं दिसणारा. मेमरीच्या डब्यावर वेग छापला होता, सहा हजार. घरी आणल्यावर मी पहिल्याच दिवशी तो आकडा पडद्यावर काढून बघितला. अठ्ठेचाळीसशे! माझा विश्वासच बसेना. चष्मा पुसून परत बघितलं, तरी तेच.

आजोबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. "चालतोय ना? मग झालं."

"अहो, शंभरात ऐंशी भरतायत. दूधवाल्यानं लिटरमागे ऐंशी टक्के दूध घातलं तर घ्याल का तुम्ही?"

"आपला तेवढंच घालतो. आणि आपण घेतो."

त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी मदरबोर्डसोबत, म्हणजे आतले सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पाटीसोबत, आलेलं इंग्रजी पुस्तक घेऊन बसले आणि दुसरा धक्का बसला. तक्रार करण्यासारखं काही नव्हतंच. संगणक पहिल्यांदा सुरू होतो तो सावधपणे, कुठल्याही पट्टीला झेपेल अशा वेगानं. डब्यावरचा वेग हवा असेल तर मालकानं बायॉस नावाच्या आतल्या पडद्यावर जाऊन तो चालू करायचा. म्हणजे पैसे देऊन घेतलेला वेग आपण होऊन मिळत नाही, तो मागावा लागतो. आणि हे डब्यावर कुठं लिहिलेलं नाही! आमच्या खात्यात असा डबा आला असता तर मी सही केली नसती.

तो वेग मी चालू केला. आकडा सहा हजार झाला. मला बरं वाटलं.

तुमच्या पट्ट्या आल्या त्या यानंतर. त्याच कंपनीच्या, त्याच रंगाच्या, डब्यावर तोच आकडा. त्या बसवायला मी काच काढली आणि आत पाहिलं तर मदरबोर्डवर ओळीनं चार खाचा, आणि दुकानदारानं पट्ट्या बसवलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिली रिकामी, तिसरी रिकामी. मला वाटलं, माणसानं काय ही घाई केली! पुस्तकातलं चित्रही तसंच होतं, पण ते ज्यांच्याकडे दोनच पट्ट्या आहेत त्यांच्यासाठी असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

अशी ओळ बघून मला चैन का पडत नाही, त्याला कारण आहेत तुमचे धाकटे आजोबा, माझे दीर. लोधिवलीच्या घरी काहीही कार्य असलं की पंगत बसवायचं काम त्यांचं. एरवी माणूस दिवसभरात चार शब्द बोलायचा नाही. पंगतीत मात्र आवाज असा की रस्त्यापलीकडे ऐकू जावा. लोक आपापल्या माणसाशेजारी बसायला बघतात, मग मधे मधे पानं मोकळी राहतात आणि वाढप्यांचा गोंधळ उडतो. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत ओरडायचे, "सरका, सरका! मधी खिंडार नको!" मी पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली नवी सून. माझ्या हातात त्यांनी मिठाची वाटी दिली होती आणि सांगितलं होतं, "वैनी, पयल्या पानापास्नं सुरू करा, मधलं एकबी सोडायचं नाय." तेव्हापासून अर्धवट भरलेली ओळ मला बघवत नाही. बरणीतल्या लाडवांची असो की खाचांची.

तर मी तुमच्या पट्ट्या पहिल्या आणि तिसऱ्या खाचेत बसवल्या. चारही भरल्या. काच लावली, बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवे लागले. पडदा काळाच राहिला.

मी वाट पाहिली. काहीच नाही. मदरबोर्डवर एक छोटासा नारिंगी दिवा जळत होता, जणू कोणीतरी डोळा वटारला आहे. तुमची भेट पहिल्याच दिवशी मी जाळली, असंच मला वाटलं. मी प्लग ओढायला उठले.

"थांब," आजोबा म्हणाले. "आधी चहा कर."

"इथं संगणक गेला आणि तुम्हाला चहा सुचतोय?"

"गेला असेल तर चहानं परत जाणार नाही. नसेल गेला तर तू ओढशील म्हणून जाईल."

मी रागानं चहा करायला गेले. कप घेऊन बाहेर आले तर पडदा उजळला होता. नंतर वाचलं की नव्या पट्ट्या बसवल्या की संगणक आधी त्यांच्याशी ताल जुळवून बघतो. मागितल्यापासून मिळेपर्यंत किती थांबायचं, हे तो करून करून ठरवतो आणि तोवर पडदा काळा ठेवतो. प्लग ओढला असता तर हे सगळं त्याला पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं.

आणि वेग किती? छत्तीसशे.

दोन होत्या तेव्हा सहा हजार, चार झाल्या तर छत्तीसशे! वाढपी दुप्पट केल्यावर पंगत उशिरा उठावी, तसलं हे. मी खुर्चीत बसून राहिले. मग डब्यावर जे लिहिलंय ते मिळवायचंच, या हट्टानं पुन्हा बायॉसमध्ये जाऊन छापील वेग चालू केला. पुन्हा काळा पडदा, पुन्हा नारिंगी डोळा. या वेळी मी प्लगपासून लांब बसले. शेवटी आकडा आला, सहा हजार, चारही पट्ट्यांसकट. त्याचा फोटो काढून मी तुम्हाला पाठवला आणि तुम्ही टाळ्यांचे हात पाठवलेत. आठवतं ना?

आता धाकट्या आजीकडे येते.

धाकटे आजोबा गेल्या वर्षी गेले. त्यानंतर वारसाच्या कागदांसाठी तिला लोधिवलीहून खालापूरला खेटे घालावे लागले. असंच एकदा ती तिकडचं काम उरकून, बस बदलून भिसेगावला आमच्याकडे आली. हातातली पिशवी खाली ठेवली आणि त्यातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. "बगा ताई. इतक्या वर्सांत ह्या माणसाचा एक धड फोटो नाय. वळखपत्रावरचा लावलाय. चोर पकडून आणल्यावानी दिसतोय."

मला हसू आलं. तीही हसली आणि मग हसता हसता थांबली.

"रूप हाय डोळ्यापुढं," ती म्हणाली. "पन आवाज इसरत चाललेय मी. सकाळी उटले की आठवायला जाते, तर दुसऱ्याच कुनाचा येतो. कदी माज्या भावाचा, कदी त्या मेल्या टेंपोवाल्याचा. त्याचा येतच नाय."

धाकट्या आजोबांचा फोन बटणांचा होता. त्यात आवाज साठवलेला नव्हता. बोलणंच इतकं कमी की कोणी मुद्दाम साठवावं असंही वाटलं नव्हतं.

मग मला तुमच्या आईच्या लग्नाची कॅसेट आठवली. लग्न लोधिवलीलाच झालं होतं, घरापुढच्या मांडवात. त्या कॅसेटवरून एका स्टुडिओकडून फाइल करून घेतली होती ते बरं झालं, कारण पुढच्या पावसाळ्यात कॅसेटला बुरशी लागली आणि टाकून द्यावी लागली. ती फाइल जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर होती आणि ती डिस्क अलीकडे टिकटिक करायला लागली होती. म्हणून नवा संगणक चारही पट्ट्यांसकट सहा हजारावर चालू होताच मी पहिल्यांदा ती फाइल त्यावर उतरवून घेतली होती. बघितली मात्र नव्हती. तीन तासांची फिल्म घरात कोण पूर्ण बघतं? ज्यानं त्यानं आपण दिसतो तेवढीच बघितलेली.

"त्यात आहेत ते," मी म्हटलं. "पंगत बसवताना. चांगले ओरडतायत."

धाकटी आजी एकदम सरळ बसली. "खरं सांगता? पंगतीचं हाय त्यात? मी जेवले ती शेवटची पंगत का आदीची?"

"ते बघितल्यावर कळेल."

"माजं नशीब हो त्या दिवशी," ती सांगायला लागली. ही गोष्ट तिनं मला आधीही अनेकदा सांगितली आहे. "सकाळपास्नं मी वड्यांच्या कढईपाशी. पोटात कावळे. पदरानं तोंड पुसत भाईर आले तर सगळी पंगत भरलेली. म्हटलं, राह्यले मी उपाशी. आनि बगते तर बरोब्बर मधी एक पान मोकळं! त्यावर गोड पन वाढलेलं. कुनीतरी उटून गेलं असंल. बसले की मी! देवानंच ठेवलं, दुसरं काय. ह्यांनी तर उभ्या जन्मात कदी इचारलं नाय, जेवलीस का म्हनून."

आजोबांनी तिच्यासाठी खुर्ची आणून पडद्यासमोर ठेवली. मी फिल्म लावली. हळद झाली, तुमची आई लाजली, बँडवाले आले. धाकटी आजी नातेवाईक ओळखत होती, कोण गेलं, कोण आहे, कोणाशी आता बोलणं नाही. मग मांडव दिसला, पानांची लांब ओळ दिसली आणि उजव्या बाजूनं ते आले. खांद्यावर पंचा, हात वर केलेला.

"आले, आले!" ती म्हणाली.

त्यांनी तोंड उघडलं. "सर—"

आणि पडदा फुटला. दुसरा शब्द मला सापडत नाही. हिरवे-जांभळे चौकोन सगळीकडे पसरले, त्यांचा चेहरा मधोमध कापला गेला, एक डोळा खांद्यावर जाऊन बसला आणि आवाजाच्या जागी पत्र्यावर खिळा ओढावा तशी किंचाळी आली. तोंड उघडं, ते तसंच गोठलेलं.

धाकटी आजी खुर्चीसकट मागे सरली. पदर तोंडावर घेतला. "बंद करा! ताई, बंद करा! काय झालं त्यास्नी?"

मी घाईघाईनं बंद केलं. पुढे नेऊन बघितलं, मागे आणून बघितलं. बाकी सगळं ठीक, पण पंगतीचा तेवढा भाग चौकोनांत बुडालेला. तिनं चहा तसाच ठेवला.

"असू दे," दारात चपला घालताना ती म्हणाली. "वळखपत्रावर चोर, आनि हितं असं. मला आता त्याचं त्वांड असंच आठवायचं." आजोबा तिला गाडीनं सोडायला गेले.

मी मात्र तिथंच बसून राहिले. जुनी डिस्क मी भंगारवाल्याला द्यायच्या पिशवीत ठेवली होती. पुसली नव्हती, कारण अहवालावर सही होईपर्यंत नमुना फेकायचा नाही, हीसुद्धा कारखान्यातलीच शिकवण. पण ती टिकटिकणारी डिस्क आणखी किती वेळा वाचली जाईल, सांगता येत नव्हतं. कदाचित एकदाच. आणि वाचून उतरवायचं कशावर? ज्या संगणकानं ही दशा केली त्याच्यावर?

दोष जुन्या डिस्कचा की नव्या संगणकाचा, हे आधी ठरवायला हवं होतं. मेमरी तपासण्याचा एक प्रोग्राम असतो, तो पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करायचा. प्रोग्राम मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी ठेवतो आणि परत मागून बघतो, दिलं तेच मिळालं का. दुसऱ्या दिवशी सकाळची कामं आटोपून मी तो लावला. भाजी चिरायला घेतली आणि वर बघितलं तर पडदा लाल ओळींनी भरत होता. एक ओळ म्हणजे एक चूक. मी सुरी खाली ठेवली.

मुलांनो, मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो इथं. यंत्र बिघडतं हे मला ठाऊक आहे. आमच्याकडेही बिघडायची, पण ती बंद पडायची, धूर काढायची, निदान आवाज तरी करायची. हा संगणक रोज सकाळी हसऱ्या चेहऱ्यानं सुरू होत होता, पत्रं लिहून घेत होता, फोटो दाखवत होता, आकडा सहा हजार सांगत होता, आणि आत दिलेल्या वस्तूत एखादा दाणा बदलून परत देत होता. तोंडातून ब्र न काढता! आणि त्या आकड्याचा फोटो काढून मी मिरवला होता.

मग मी जुन्या पद्धतीनं कामाला लागले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वेग एक पायरी खाली आणला, लाल ओळी आल्या. आणखी खाली, कमी आल्या, पण आल्याच. वेगाखाली लहान लहान आकडे असतात, त्यांना टायमिंग म्हणतात. वाढप्यानं भात वाढल्यावर वरणवाल्यानं किती थांबून यायचं, तसलं त्यांचं काम. घाई केली तर वरण पानाबाहेर. ते आकडे मी सैल केले, थांबायला जास्त वेळ दिला. अर्धा दिवस स्वच्छ गेला आणि जेवणानंतर पुन्हा लाल. चारही पट्ट्या ठेवायच्या तर थेट छत्तीसशेवर यावं लागत होतं.

शेवटी तुमच्या दोन काढल्या. दुकानदारानं बसवल्या होत्या तशाच, दुसऱ्या आणि चौथ्या खाचेतल्या माझ्या दोन ठेवल्या. स्वच्छ. दिवसभर एक ओळ नाही. मग माझ्या काढून त्याच खाचांत तुमच्या घातल्या. त्याही स्वच्छ! म्हणून सांगते, तुमच्या पट्ट्यांत काही खोट नाही, माझ्याही नाहीत. चौघी एकत्र मात्र छापील वेगानं चालू शकत नाहीत. खाचा चार दिल्या आहेत म्हणून चारही भरायच्याच असतात, असं पुस्तकात कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते मी लोधिवलीच्या मांडवातून आणलं होतं.

पिशवीतली डिस्क काढली तेव्हा आजोबा येऊन शेजारी बसले.

"आता किती वेगानं लावणार?"

"अठ्ठेचाळीसशे."

"दोनच पट्ट्या आहेत. सहा हजार चालतोय म्हणालीस ना?"

"चालतोय. पण ही डिस्क एकदाच वाचायला मिळाली तर मला कुठलीच घाई नको."

"म्हणजे शंभरात ऐंशी. दूधवाल्याला सांगू का, आमची काही तक्रार नाही म्हणून?"

मी डिस्क जोडली. ती टिकटिकायला लागली. फाइल उतरत होती, मधेच थांबत होती, परत सरकत होती. थांबली की आम्ही दोघंही श्वास धरून बसत होतो. एकदा इतकी थांबली की आजोबा उठून खिडकीपाशी गेले. पण ती पूर्ण उतरली. डिस्क अजून चालत होती, म्हणून लगेच मूळ फाइल आणि प्रत तंतोतंत जुळतात का, हे प्रोग्रामकडून तपासून घेतलं. जुळल्या.

तरी माझा विश्वास उडाला होता. धाकट्या आजीला पुन्हा बोलवायचं तर आधी आपल्या डोळ्यांनी, कानांनी सगळी बघायची, असं मी ठरवलं. दुपारी कानाला हेडफोन लावून पहिल्यापासून बसले. हळद, लाजणं, बँड. मांडव आला. ते उजवीकडून आले, हात वर केला.

"सरका, सरका! मधी खिंडार नको!"

स्वच्छ. अगदी तोच आवाज. मी डोळे पुसले आणि पुढे बघत राहिले. मग जे दिसलं त्यानं मी कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले, आणि आजोबांना हाक मारली, आणि तेवढा भाग आम्ही दोघांनी परत ऐकला.

मी लोधिवलीला फोन केला. धाकटी आजी यायला तयार नव्हती.

"नको ताई. परत तसंच दिसलं तर?"

"मी शेवटपर्यंत बघितलीय. दोनदा."

"तुमच्या त्या मशिनीचा मला भरवसा नाय."

"मलाही नव्हता. आता आहे. तू ये."

ती आली. पण खुर्ची उचलून तिनं खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि पडद्याकडे पाठ करून बसली. "मी बगनार नाय. ऐकते फकस्त."

मी थेट मांडवापासून लावलं. भांड्यांचा आवाज, पोरांचा कालवा, आणि मग ते: "सरका, सरका! मधी खिंडार नको!"

तिचे खांदे हलले. "ह्यो," ती म्हणाली. "ह्योच." आणि हाताची बोटं ओठांवर धरून ऐकत राहिली.

पुढे पडद्यावर एक जाडजूड पाहुणा पंगतीच्या मधोमध मोकळ्या असलेल्या एका पानावर बसायला वाकतो. धाकटे आजोबा पळत येतात.

"ओ पाव्हनं, तितं नको. ह्या टोकाला या."

"अरं, मोकळं तर हाय."

"मोकळं नाय. मानूस यायचंय."

"कोन रं एवढं मोठं?"

"हाय घरातलं. सकाळपास्नं कढईपाशी हाय. पोटात कायबी गेलं नाय तिच्या." मग ते वाढप्याकडे वळतात, आवाज खाली आणून: "गोडाचं त्या पानावर आत्ताच वाढ. मागनं सरतं."

खिडकीपाशी खुर्ची करकरली. धाकटी आजी पूर्ण वळली होती.

पडद्यावर ती स्वतःच येत होती, पंचवीसेक वर्षांनी लहान, पदरानं तोंड पुसत. ओळ भरलेली बघून थबकली, मधलं पान दिसलं, इकडेतिकडे बघितलं आणि पटकन बसली. आणि पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला, तिच्याकडे पाठ करून, तिचा नवरा ओरडत होता, "सरका! मधी खिंडार नको!"

मी फिल्म थांबवली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रडणारा नव्हता तो. कोणीतरी खाडकन थोबाडीत दिल्यासारखा होता.

"ताई," ती म्हणाली, "मी ही गोष्ट शंबरदा सांगितली असंल. लग्नाकार्यात, बायकांत, ह्यांच्या देखत. नशीब माजं, देवानं ठेवलं, कुनीतरी उटून गेलं. आनि हा मानूस शेजारी बसून ऐकायचा. इड्याचं पान लावत बसायचा. एकदा तोंड उघडून बोलला नाय, की अगं बये, मी ठेवलं होतं!"

"त्यांचा स्वभावच—"

"सोभाव गेला चुलीत! मी म्हनायचे, कदी इचारलं नाय जेवलीस का, तेबी ऐकून घ्यायचा!" ती उठली. खुर्ची उचलली आणि पडद्यासमोर, अगदी जवळ आणून ठेवली. पदर खोचला. बसली.

"परत लावा," ती म्हणाली. "आनि तो हात वर करून उभा राह्यला ना, की तितंच थांबवा. मला बोलायचंय त्याच्याशी."

मी लावलं. ते आले, हात वर केला. मी थांबवलं. आजोबा हळूच उठून बाहेर गेले आणि त्यांच्यामागून मीही गेले. स्वयंपाकघरात तिचं पान घेतलं आणि गोड आधी वाढून ठेवलं. बाहेरच्या खोलीतून धाकट्या आजीचा आवाज येत होता. चढलेला, न थांबणारा, सगळ्या वर्षांचा हिशेब मागणारा. आणि मधे मधे, ती बोटानं कळ दाबायला शिकली होती वाटतं, त्यांचा:

"सरका, सरका!"